तिसऱ्या पानावर संपलेली गोष्ट

मोठी साडेतीन फूट उंच होती. तिला मोठी म्हणायचं कारण एवढंच, की घरात तिच्याहून लहान आणखी एक होती आणि तिला धाकटी म्हणत. मोठीला सहा वर्षं पुरी, धाकटी पावणेपाचाची. दोघींत मिळून पुस्तकं अकरा. ही अकराच्या अकरा मोठी घडाघडा वाचते, असा घरातल्यांचा समज होता. पाहुणे आले की तिला सोफ्यावर उभं करत आणि हातात पुस्तक देत. पाहुणेही शेवटपर्यंत ऐकून घेत, कारण चहा अजून यायचा असे.

हा समज शाळेतल्या बाईंनी एका दुपारी मोडीत काढला. त्यांनी बाबांना बोलावून घेतलं होतं. सोबत म्हणून आत्या गेली.

"मुलगी वाचत नाही," बाई म्हणाल्या.

"असं कसं, बाई? घरी तर थांबता थांबत नाही."

"तेच सांगतेय. वाचत नाही, म्हणते. मी तिच्या हातातलं पुस्तक उलटं केलं, तरी गाडी चालूच. शेवटची दोन पानं तर तिने पुस्तक मिटल्यावर वाचली."

बाबांनी यावर कौतुकाने मान हलवली. मग त्यांच्या लक्षात आलं, की ही तक्रार आहे.

"आणि दुसरं," बाई म्हणाल्या, "ती प्रत्येक गोष्टीच्या आधी 'कृपया इकडे लक्ष द्या' असं का म्हणते?"

बाबांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने खिडकीबाहेर. आत्या बस डेपोत गाड्यांच्या घोषणा करायची. बारा वर्षं तो आवाज काढून काढून तिचा मूळचा आवाज कुठे गेला हे कुणालाच सांगता आलं नसतं. संध्याकाळी मुलींना पुस्तक वाचून दाखवायचं काम तिच्याकडे असल्यामुळे मोठीच्या सगळ्या गोष्टी फलाटावरून सुटत. "कृपया इकडे लक्ष द्या. हत्तीची चौथी चप्पल हरवली आहे. हत्ती थोड्याच वेळात माकडाकडे जाईल."

बाईंनी निकाल सांगितला. नवं पुस्तक दिलं की मोठी ओठ मिटून बसते, म्हणून पुस्तक घरचंच आणा, तिच्या आवडीचं. पुढच्या शनिवारी पुन्हा ऐकेन, मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवेन. वाचता आलं तर नव्या वर्षी पहिलीत. नाही आलं तर आणखी एक वर्ष शिशुवर्गात.

आता शिशुवर्ग ही काही वाईट जागा नव्हे. तिथे झोपायला मिळतं. पण नव्या वर्षी त्याच शिशुवर्गात धाकटी दाखल व्हायची होती. ही बातमी घरी पोचल्यावर धाकटीने ती मनापासून साजरी केली. "मी ताईच्या बाकावर बसणार," ती म्हणाली. "आणि तिला आलं नाही की मी सांगणार."

त्या संध्याकाळी मोठी जेवली नाही. म्हणजे जेवली, पण मागून घेतलं नाही. घरात त्याची नोंद झाली.

शनिवारसाठी तिने 'हत्तीची चौथी चप्पल' हेच पुस्तक निवडलं. हत्तीला चार पाय, म्हणून चपला चार. एके सकाळी तीनच सापडतात आणि तो दारोदार विचारत फिरतो, एवढीच गोष्ट. रविवारी सरावासाठी पुस्तक काढलं, तर धाकटीही सरावाला बसली. एकीने एका बाजूने धरलं, दुसरीने दुसऱ्या. पुस्तक नुसतं डिंकावर उभं होतं, ते कण्यातून सुटलं. धाकटीच्या वाट्याला मगर आणि जिराफ आले, मोठीच्या वाट्याला उरलेलं प्राणिसंग्रहालय.

रडारड ऐकून आजोबा बाहेर आले. खाली पडलेला एक कागद उचलून त्यांनी कडेवर बोट फिरवलं आणि घृणेने म्हणाले, "चिकटवलेलं."

आजोबा बाइंडर होते. चाळीस वर्षं त्यांनी पुस्तकं बांधली. त्यांच्या मते जगातलं साहित्य दोन प्रकारचं, शिवलेलं आणि चिकटवलेलं, आणि दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलण्यासारखं काही नसतं. कायदा, वैद्यक, इतिहास, कविता, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं आणि त्यातली एक ओळ त्यांनी वाचली नाही. वाचायला लागलं की सुई थांबते, असं त्यांच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पानांचे आकडे बघायचे, लावायचे, शिवायचे. चाळीस वर्षांत एक पान इकडचं तिकडे झालं नाही. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते वर्षभरात बंद पडलं, पण बांधलेली पुस्तकं अजून शाबूत होती.

"बुधवारपर्यंत देतो," आजोबा म्हणाले. "तुझ्या नातवंडांना पुरेल."

मोठीला तूर्त शनिवारपर्यंत पुरलं तरी चालणार होतं.

आजोबांनी जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. टोच्या निघाला, मेणाचा दोरा निघाला, खळ शिजली. आणि मग अडचण निघाली. पानांवर आकडेच नव्हते. आजोबांनी एकेक कागद पुढून पाहिला, मागून पाहिला, उजेडात धरून पाहिला. चाळीस वर्षांत असला अशिष्टपणा त्यांना भेटला नव्हता.

दुसरा कुणी असता तर त्याने मजकूर वाचला असता. सगळा मिळून तो दोन मिनिटांचा होता. पण आजोबांच्या डोक्यात ते आलं नाही, जसं पोस्टमनच्या डोक्यात पत्र फोडायचं येत नाही. मोठीला विचारता आलं असतं. पण चाळीस वर्षांच्या अनुभवाने साडेतीन फुटांच्या मुलीला पानांचा क्रम विचारायचा, हे बरं दिसलं नसतं. त्यांनी चित्रं बघून स्वतःच तर्क केला. लहान मुलांचं पुस्तक आहे, त्या अर्थी लहानापासून मोठ्यापर्यंत जात असणार. चारही चपला घातलेला हत्ती मुखपृष्ठाला लागूनच होता, तो तिथेच ठेवला. मग उंदीर, मग घुबड, माकड, शेळी, मगर. सगळ्यात उंच म्हणून जिराफ शेवटी. क्रम इतका सुंदर लागला, की त्यांना स्वतःलाच बरं वाटलं.

फक्त एक गोष्ट होती. या पुस्तकात डाव्या पानावर मजकूर आणि समोर उजव्या पानावर त्याचं चित्र, अशी मांडणी होती. म्हणजे एकाच कागदाच्या एका अंगाला एका प्राण्याचं चित्र आणि पाठीवर त्याच्यानंतरच्या प्राण्याचा मजकूर. कागद हलले, तशी चित्रं आजोबांच्या मनासारखी लागली आणि मजकूर ज्याच्या त्याच्या नशिबाने कुणाच्याही समोर जाऊन बसला.

बुधवारी पुस्तक तयार झालं. लाल कापडी पुठ्ठा, कण्यावर सोनेरी अक्षरं. जुन्या सवयीने त्यांनी नावाखाली 'खंड पहिला' असंही छापून टाकलं होतं. न्यायालयात ठेवलं असतं तर वकील उठून उभे राहिले असते.

"शिवलंय," आजोबा म्हणाले. यापुढे पुस्तकाबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं.

त्याच संध्याकाळी बाबा चार जिने चढून घरी आले. इमारतीच्या लिफ्टवर सोमवारपासून पाटी लटकत होती. बाबा स्वतः लिफ्ट दुरुस्त करायचे, पण दुसऱ्या कंपनीच्या लिफ्टला हात लावणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. तत्त्वाने गुडघे दुखत. ते आल्या आल्या कोचावर आडवे झाले आणि डोळे मिटून म्हणाले, "चल मोठे, वाच. मी ऐकतोय."

मोठीने खंड पहिला मांडीवर घेतला. पहिलं पान ठीक होतं. "कृपया इकडे लक्ष द्या. हत्तीकडे चार चपला होत्या. सकाळी उठला तर तीनच."

तिने पान उलटलं आणि तोंड उघडं ठेवून थांबली. समोर उंदीर होता. उंदीर अगदी शेवटी येतो. चित्र म्हणत होतं उंदीर, पाठांतर म्हणत होतं माकड. असा पेच तिच्यावर कधी आला नव्हता. अक्षरं तिला येत होती, नाही असं नाही. शाळेत भिंतभर लावली होती, ती तिने शिकून घेतली होती. पण त्यांच्याशी नुसती तोंडओळख होती, काम कधी पडलं नव्हतं. चित्र असताना कोण कशाला त्यांच्या वाटेला जाईल? आता चित्राने दगा दिल्यावर तिने पहिल्यांदा डाव्या पानाकडे मदतीसाठी पाहिलं. तिचं बोट आपोआप तिथे गेलं.

"ह... हत्ती... मा... माकडाकडे गेला," ती म्हणाली. "माकड म्हणालं, मी तर झा... झाडावर राहतो. मला चपला कशाला?"

"जरा अडखळतेयस," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "पण पुढे चल."

मोठीने पान उलटलं. समोर घुबड होतं. डाव्या पानावर मधोमध दोनच शब्द होते.

"गोष्ट संपली," मोठीने वाचलं.

बाबांनी एक डोळा उघडला. "आत्ता तर सुरू झाली."

"इथे संपली."

"मोठे, चार जिने चढून आलोय मी. चेष्टा नको. माकडानंतर कोण?"

"बाबा, इथे लिहिलंय—"

"कोण माकडानंतर?"

"मगर," मोठी हळूच म्हणाली.

"मग मगर म्हण की."

तिने पुढचं पान उलटलं. बोट ठेवून, धापा टाकत वाचलं, "हत्ती उंदराकडे गेला. उंदीर म्हणाला, हळू बोल. च... चपलेत माझी पोरं झोपली आहेत."

"उंदीर मध्येच कुठून आला?" बाबा उठून बसले, पुस्तकाकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. पाहायचं काय कारण? गोष्ट त्यांना पाठ होती. "उंदीर शेवटी. आधी मगर, जिराफ, शेळी, घुबड. एवढं कसं विसरलीस?"

मोठी आत्याकडे गेली. आत्या उद्याच्या गणवेशाला इस्त्री करत होती. तिने घडीवरची नजर न काढता चार वाक्यं ऐकली आणि म्हणाली, "अगं, मी गाड्या अशा सोडल्या तर लोक मला डेपोतून हाकलतील." आई हॉस्पिटलातून ड्यूटी संपवून आली. ती नर्स होती. तिने उंदरानंतर मगर ऐकली, ओला हात पुसून मोठीच्या कपाळाला लावला आणि म्हणाली, "ताप नाही."

गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. वर्षभरात त्या घरात कुणीही हे पुस्तक वाचलेलं नव्हतं. सगळ्यांनी फक्त म्हटलं होतं. आत्याने इस्त्री करता करता, आईने भांडी लावता लावता, बाबांनी झोपेत. तेव्हा मोठी जे जे वाचत होती ते ते त्यांना चुकीचं वाटत होतं, आणि ती जितकं नीट वाचे तितकं ते जास्त चुकीचं वाटे. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला घराचं एकमत झालं, की पोरीला निदान पाठ तरी येत होतं, आता तेही गेलं.

"उद्या एक कर," बाबांनी उपाय सांगितला. "पुस्तकाकडे बघूच नकोस. बघितलंस की चुकतेस."

मोठीने शेवटचं दार ठोठावलं. "आजोबा, पुस्तक चुकतं का हो कधी?"

"चिकटवलेलं चुकत असेल," आजोबा म्हणाले. "मी बांधलेलं नाही चुकत."

तिच्या बाजूने सगळ्या घरात एकच माणूस उभं राहिलं, तेही टेबलाखाली बसून. मोठीने धाकटीला पुस्तक वाचून दाखवलं. आवाज न बदलता, घोषणा न करता, बोट ठेवून. शेळीच्या चित्रापाशी मजकूर होता, "मगर म्हणाली, खाल्ली असती तर सांगितलं असतं." मगरीच्या चित्रापाशी घुबड म्हणत होतं, "दिवसा काही विचारत जाऊ नकोस." धाकटी हसून हसून टेबलाच्या पायाला धडकली.

"परत वाच," ती म्हणाली.

"बाबा म्हणतात असं नाहीये."

"मग कसंय?"

मोठीने पुस्तकात पाहिलं. "असंच आहे," ती म्हणाली. पण सहा वर्षांच्या माणसाला घरातल्या चार मोठ्या माणसांहून स्वतःचे डोळे खरे वाटायला जरा वेळ लागतो, आणि शनिवार तर उद्यावर आला होता.

शनिवारी सगळं घर शाळेत गेलं. आईने ड्यूटी बदलून घेतली, आत्याने दोन तास सुट्टी काढली. वर्गात शिशुवर्गाच्या खुर्च्या होत्या, त्यामुळे चौघांचे गुडघे हनुवटीला लागले. आजोबांनी पुस्तक स्वतः आणलं होतं, वर्तमानपत्रात गुंडाळून. बाईंनी ते हातात घेतलं आणि वजनाने त्यांचा हात खाली गेला.

"हे तेच?"

"शिवलंय," आजोबा म्हणाले.

मोठी बाईंच्या शेजारी टेबलाशी बसली, घरचे मागे. तिथून त्यांना लाल पुठ्ठा तेवढा दिसत होता. मोठीने पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मागून बाबा ओठ न हलवता "माकड, मगर, जिराफ" असं पुटपुटत होते. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला धीर द्यायचा आवाज असतो, तो तो होता.

"बाई," मोठी म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"चित्राचं वाचू की लिहिलेलं वाचू?"

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "का गं?"

"दोन्ही वेगळं आहे. आणि बाबा म्हणालेत, पुस्तकाकडे बघायचंच नाही."

बाबा छताकडे बघू लागले.

"लिहिलेलं वाच," बाई म्हणाल्या.

मोठीने बोट ठेवलं. कृपया कुणी कुठे लक्ष द्या असं ती या वेळी म्हणाली नाही. हत्तीकडे चार चपला होत्या, सकाळी तीनच उरल्या. पान उलटलं, उंदरासमोर बसून माकड म्हणालं, मी झाडावर राहतो. बाईंचा चष्मा नाकावरून खाली आला. पान उलटलं.

"गोष्ट संपली," मोठीने वाचलं.

आईने डोळे मिटले. आत्याने बाबांचा हात धरला. आजोबांना मात्र पुस्तक आटोपशीर वाटलं.

"पुढे वाच," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बदलला होता.

मोठी वाचत गेली. उंदीर, मगर, घुबड, भलत्याच क्रमाने, पण एकेक शब्द धरून. मध्येच बाईंनी एका शब्दावर बोट ठेवलं. "हा?"

"दिवसा."

"हा?"

"विचारत."

बाईंनी एक पान मागे उलटलं. "आणि हा?"

हा लांब होता. मोठीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मागे खुर्ची करकरली. "सां... सांगि... सांगितलं," ती म्हणाली, आणि मग पुढचं कुणी न विचारताच, "असतं."

"पाहिलंत ना बाई," बाबांना राहवलं नाही, "तीन दिवस हेच चाललंय. पाठ होतं तेही सगळं—"

"इकडे या जरा," बाई म्हणाल्या.

बाबा खुर्चीतून निघाले. खुर्ची थोडा वेळ त्यांच्याबरोबर निघाली, मग पडली. बाईंनी शेळीचं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. "हे वाचा."

बाबांनी शेळीकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हत्ती शेळीकडे गेला. शेळी म्हणाली, मी फक्त दोरी खाल्ली."

बाईंनी पान तसंच धरून ठेवलं.

"बाबा," मोठी दबक्या आवाजात म्हणाली, "बोट ठेवून वाचा."

बाबांनी बोट ठेवलं. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "मगर," ते म्हणाले. "इथे मगर लिहिलंय."

"यांचं असं आहे," बाई आईला म्हणाल्या, "हे वाचत नाहीत, म्हणतात."

आत्या तरातरा पुढे आली. रोज तीनशे गाड्या वाचणाऱ्या बाईला असल्या गोष्टींची भीती नसते. तिने मगरीचं पान घेतलं आणि डेपोच्या आवाजात, मगरीकडे बघत, घुबडाचं वाक्य सोडून सगळं सांगितलं. मोठीने तिचंही बोट धरून योग्य जागी ठेवलं. आई शहाणी, ती जागची उठलीच नाही.

मग आजोबा उठले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी पुस्तक घेतलं, चष्मा लावला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा, स्वतः बांधलेल्या पुस्तकावर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. हळूहळू वाचत होते. तिसऱ्या पानावर 'गोष्ट संपली' आलं तिथे ते थांबले. पुढचं एक पान पाहिलं, मागचं पाहिलं, कागद उलटून त्याची पाठ पाहिली. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"जुळणी चुकली," आजोबा म्हणाले. एवढंच. पण घरातल्यांना कळलं, की चाळीस वर्षांचा हिशेब आत्ता त्या दोन शब्दांत बंद झाला.

"मी सांगत होते," मोठी म्हणाली.

"सांगत होतीस," आजोबा म्हणाले. "तीन दिवस सांगत होतीस. आम्ही कुणी ऐकलं नाही." त्यांनी तिच्यासमोर हात पुढे केला आणि दोघांनी हस्तांदोलन केलं, एक कारागीर दुसऱ्या कारागिराशी करतो तसं.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मोठीकडे फिरवली. "वाच बरं, काय लिहिलंय."

मोठीने बोट ठेवलं. इथे चित्र नव्हतंच. "प... पहिलीत," तिने वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं, या वेळी डेपोच्या आवाजात, शेजारच्या वर्गापर्यंत जाईल असं.

घरी परतताना रस्त्यातली एकही पाटी तिने सोडली नाही. 'दार ओढा' वाचलं, 'दार ढकला' वाचलं, 'येथे गाडी लावू नये' हे तिथे गाडी लावणाऱ्या माणसाला वाचून दाखवलं. मागून घरातली चार मोठी माणसं मुकाट चालत होती. इमारतीत शिरल्यावर सगळे सवयीने जिन्याकडे वळले. मोठी लिफ्टसमोर उभी राहिली.

"लिफ्ट बंद आहे," तिने वाचलं.

"माहीत आहे," बाबा पहिल्या पायरीवरून म्हणाले.

"गु... गुरुवारी सकाळी सुरू होईल."

बाबांचा पाय दुसऱ्या पायरीवर अधांतरी राहिला. "काय लिहिलंय?"

"खाली लिहिलंय. बारीक. आज काय वार?"

आजोबांनी पुढे होऊन बटण दाबलं. आत कुठेतरी घरघर झाली, दिवा लागला आणि दार उघडलं. गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारची सकाळ, लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस चालू लिफ्टच्या शेजारून चार जिने चढत होता. सगळे आत शिरले. मोठीने चौथ्या मजल्याचं बटण स्वतः दाबलं आणि वर जाताना आतली सूचना सावकाश, शेवटपर्यंत वाचून दाखवली. सहापेक्षा जास्त माणसांनी बसू नये असं त्यात होतं. तिने माणसं मोजली. पाच होती. तिने परवानगी दिली.

धाकटी शेजाऱ्यांकडे होती. तिला बातमी सांगितली तेव्हा तिने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "म्हणजे तो बाक माझा एकटीचा," आणि तीही खूश झाली.

आजोबांनी त्याच दुपारी टोच्या काढला. "आण ते. उसवून नीट लावून देतो."

मोठीने पुस्तक पाठीमागे धरलं. "नको. असंच राहू दे. बाकीची दहा मला येतात. हे एकच आहे, ज्यात वाचावं लागतं."

सोमवारी बाईंची चिठ्ठी आली, सोबत पाच पुस्तकं. चिठ्ठी मोठीनेच वाचली. वर्गातल्या सगळ्या मुलांना ही पुस्तकं तोंडपाठ आहेत, तरी आजोबांनी कृपा करून ती तशीच बांधून द्यावीत.

"तशीच म्हणजे?" आजोबांनी विचारलं.

"चुकीची," मोठीने वाचलं.

आजोबांचा चेहरा आधी दगडासारखा झाला. मग त्यांनी चष्मा मागवला. कारण न वाचता बरोबर बांधता येतं, हे त्यांनी चाळीस वर्षं सिद्ध केलं होतं. पण चुकीचं बांधायचं, आणि एकही पान चुकून बरोबर लागू द्यायचं नाही, तर ओळ न ओळ वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसतात. आजोबा कागद लावतात, वाचतात, कधी कधी मध्येच सुई थांबवून पुढे काय झालं ते बघतात. मोठी पलीकडून तपासते.

"आजोबा, हा ससा बरोबर लागलाय."

"कुठे? बघू." आजोबांनी बोट ठेवून पान वाचलं, चित्र पाहिलं, पुन्हा वाचलं. "खरंच की. लक्ष कुठे होतं माझं?"

आणि त्यांनी टाका उसवला.